आधी चौकोन कोलमडू द्या

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. हे सर्वांत आधी सांगते, कारण मुलांनी हातानं वस्तू करत भूमिती शिकायच्या आमच्या पार्किंगमधल्या रविवारच्या उद्योगाबद्दल कळलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठलं किट आणायचं?’ हाच. घरात चार जुन्या लग्नपत्रिका आणि शिवणाच्या डब्यात टिचबटणं असली की पहिला रविवार निघतो. दुसऱ्याला तेवढंही लागत नाही.

मी पुण्याजवळ भोसरीला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतली मुलं रविवारी सकाळी खाली जमवू लागले. कधी पाच, कधी आठ. वयं सात ते तेरा. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या मुलांबरोबर असं काही करून पाहायचंय, पण ‘आम्हाला कुठे गणित येतं’ म्हणून जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आठवीपर्यंतची भूमिती अंधूक आठवत असली तरी पुरे. कठीण आहे ते वेगळंच. मुलाच्या हातातली वस्तू डोळ्यांदेखत वाकडी होत असताना आपले हात मागे बांधून बसायचं. मला ते जमायला वर्ष गेलं. जन्म सगळा दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका लाल पेन्सिलीनं दाखवण्यात गेलेला!

पहिला रविवार: पट्ट्या आणि टिचबटणं

पत्रिकेच्या कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांजवळ एकेक भोक, आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १० सेंटिमीटर. पट्टी टोकापासून टोकापर्यंत किती भरते याला महत्त्व नाही. आमच्या ऑफिसात याला ‘सेंटर टू सेंटर’ म्हणायचे, आणि नवीन लागलेला मुलगा पहिली चूक हमखास इथेच करायचा. भोकं दाभणानं पाडा. पंचिंग मशिनचं भोक मोठं पडतं, बटण त्यातून निसटतं. पत्रिका फार श्रीमंताघरची असेल तर कागद इतका जाड असतो की दोन पट्ट्यांतून बटणाची खुंटी पलीकडे पोचतच नाही. असल्या पत्रिका इतर कामांना ठेवून द्या.

आधी तीन पट्ट्यांचा त्रिकोण करायला सांगा, मग चार पट्ट्यांचा चौकोन. दोन्ही टेबलावर आडवे ठेवून एकेका कोपऱ्याला बोटानं ढकलायला सांगा. त्रिकोण आहे तसा सरकतो. चौकोन लोळण घेतो.

इथे गप्प बसायचं. ‘बघा, त्रिकोण मजबूत असतो’ हे वाक्य जिभेवर आलेलं असतं, ते गिळायचं. पाच-सात मिनिटं मुलं चौकोनाला झोपवतात, उठवतात, त्याचा वर आखूड, खाली लांबट असा पतंग करायला बघतात. तसा पतंग होत नाही. का होत नाही, हा प्रश्न घरी न्यायला चांगला.

मग विचारायचं, ‘हा पडू नये म्हणून काय करशील?’ जवळजवळ प्रत्येक मूल पाचवी पट्टी आधी दुसऱ्या एखाद्या पट्टीला समांतर लावून बघतं. चौकोन तितकाच डुलतो. मग कुणीतरी ती तिरकी धरतं, आणि ती अपुरी पडते. ‘आजी, ही पट्टी छोटी झाली!’ हे ओरडणं ऐकायला मी दर वर्षी थांबलेली असते. किती मोठी हवी ते त्यांनाच मोजू द्या. चौकोन झुकला की तिरकं अंतर बदलतं, म्हणजे आधी तो काटकोनात उभा करायला हवा. वहीचा कोपरा आत बसवला की काटकोन मिळतो. दुसरी युक्ती सुताराची: दाराची चौकट बसवताना तो दोन्ही कर्ण मोजतो, सारखे भरले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली. आपल्या चौकोनात कर्ण १४ सेंटिमीटरहून किंचित जास्त येतो. लहानांना ‘चौदा आणि जरासं’ पुरे. सातवी-आठवीतल्यांना १० चा वर्ग अधिक १० चा वर्ग म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१४, असं करून दाखवा. पट्टीनं उत्तर आधीच दिलेलं असतं, त्यामुळे पायथागोरस अंगावर येत नाही.

मुलांचा दम टिकला तर त्याच बैठकीत पंचकोन आणि षटकोन. पडू नये म्हणून एकूण किती पट्ट्या लागल्या ते वहीत लिहायला लावा. ३ कोपऱ्यांना ३, ४ ला ५, ५ ला ७, ६ ला ९. कोपऱ्यांची दुप्पट करून त्यातून ३ वजा. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८६४ साली सांगाड्यांचा हा हिशेब मांडला. पण नियम मुलांच्या तोंडी घालायची घाई नको, कारण तो एका बाजूनेच खरा आहे. एवढ्या पट्ट्या लागतातच. चुकीच्या जागी लावल्या तर मात्र तेवढ्या पुरत नाहीत. आमच्यातल्या एकानं षटकोन मधोमध एका पट्टीनं विभागला आणि उरलेल्या दोन्ही पट्ट्या एकाच अर्ध्यात फुली मारून बसवल्या. तो अर्धा दगडासारखा झाला, दुसरा अर्धा लोळत राहिला. मोजणी बरोबर, षटकोन लुळा. त्या दिवशी मुलं जेवढी शिकली तेवढी माझ्या समजावण्यानं शिकली नसती.

चौकोनाकडे आणखी एक गंमत आहे. आलेखाच्या कागदावर तो ठेवून आतली घरं मोजा: १०० चौरस सेंटिमीटर. आता झुकवत झुकवत त्याची उंची ५ सेंटिमीटरवर आणा आणि परत मोजा. ५०. पट्ट्या त्याच, परिमिती ४० ची ४०. ‘मग बाकीचे पन्नास गेले कुठे?’ असं तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं होतं. उत्तर देऊ नका. चौकोन पूर्ण झोपेपर्यंत तिला मोजत राहू द्या.

दुसरा रविवार: चपला घाला

या रविवारी काही बनवायचं नाही. तासभर भटकायचं आणि तिरक्या पट्ट्या शोधायच्या. सायकलची फ्रेम, पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा टॉवर, नव्या इमारतीची परांची. एकदा डोळा बसला की मुलं रिक्षातूनसुद्धा ओरडून दाखवतात. गणपतीच्या आधीचे आठवडे असतील तर पेठांत जा. मांडव उभा राहताना बघायला मिळतो. उभे बांबू झाले, आडवे झाले, तरी मांडववाले थांबत नाहीत, तिरके मारतात. का, ते मुलांनी त्यांनाच विचारावं. आम्हाला मिळालेलं उत्तर होतं, ‘तिरका नसला तर वाऱ्यानं झोपंल की ओ!’ मी वर्गात यापेक्षा चांगलं सांगू शकले नसते.

जंगली महाराज रस्त्यावर असाल तर पाताळेश्वरात शिरा. आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकातून कोरून काढलेलं लेणं, पुढे नंदीचा गोल मंडप. तिथे मुलांना तिरकी पट्टी शोधू द्या. सापडत नाही. खांब चौकोनी, छत सपाट, आणि तरी काही डुलत नाही. मंडपाला प्रदक्षिणा घालून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘इथे सांधाच नाहीये.’ बरोबर. डुलायला सांधा लागतो.

परत येताना एक कोडं द्यायचं. घरातलं लाकडी कपाट चौकोनी आहे, त्याला तिरकी पट्टी नाही, सांधे तर आहेत. मग ते का पडत नाही? उत्तर कपाटाच्या पाठीला आहे. पण ते दिवाळीपर्यंत राखून ठेवा.

नंतरचे तीन-चार रविवार: काड्या

पट्ट्या सपाट असतात. आता उभं करायचं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची जोडी जमवली. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण काड्या नि ट्यूब ही युक्ती बाकी सगळ्यांना पुरून उरली आहे.

ट्यूब जुन्या सायकल दुकानात ‘वॉलट्यूब’ म्हणून मागा. नव्या चकचकीत दुकानात माना हलवतात. काडीचा गुल मोडून टाकायचं काम मोठ्यांनी आधीच उरकावं. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. दोन्ही बाजूंनी काडी घातली की दोघांचा सांधा. त्याच्या मधोमध सुईनं भोक पाडून तिसरी काडी खुपसली की तिघांचा. तिसऱ्या काडीचं टोक थोडं तासून घ्या, नाहीतर रबर फाटतं. चार काड्यांसाठी एका तुकड्याला आरपार भोक पाडून दुसरा तुकडा त्यातून ओवायचा, अधिकचं चिन्ह होतं. पूर्वी बाभळीच्या काट्यानं ओवायचे. दाभण चालतं.

सहा-सात वर्षांच्या बोटांना हे रबर आवरत नाही. त्यांच्यासाठी रात्रभर भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिक. बालवाडीची कल्पना मांडणारा जर्मन शिक्षक फ्रोबेल एकोणिसाव्या शतकात भिजवलेले वाटाणे आणि काड्या वापरत असे, तीच ही युक्ती. चण्यात कुठल्याही दिशेनं काडी खुपसता येते, आणि वाळला की तो काडीला घट्ट धरतो. दोन दिवसांनी मात्र वस्तू टाकून द्यावी लागते. मुंग्यांना भूमितीचं प्रेम नाही.

काय बनवायचं? सहा काड्या, चार सांधे: चार त्रिकोणांचा मनोरा, पुस्तकातला चतुष्फलक. तो हातात घेऊन कितीही पिळा, तसाच राहतो. मग बारा काड्या, आठ सांधे: घन. हा तळहातावर ठेवला की लडबडतो, आणि मुलं खळखळून हसतात, कारण आतापर्यंत पाहिलेला प्रत्येक ठोकळा ताठ होता. सपाट चौकोनाचा धडा इथे परत येतो. एकूण किती काड्या लागतील याचा हिशेब या वेळी कोपऱ्यांची तिप्पट करून ६ वजा असा आहे: ८ कोपरे, २४ वजा ६, म्हणजे १८. बारा आहेत, सहा हव्यात. घनाला बाजूही सहाच. प्रत्येक बाजूला एक कर्ण.

कर्णांसाठी खराट्याचे हीर हव्या त्या लांबीला मोडून घ्या. सहा कर्ण कसे लावायचे ते सांगू नका. बहुतेक वेळा ते वेडेवाकडे लागतात आणि तरी घन ताठ होतो. एखादं मूल मात्र ते असे लावतं की सगळे कर्ण चारच कोपऱ्यांवर येऊन मिळतात, आणि घनाच्या पोटात पहिल्या दिवशीचा चतुष्फलक उभा दिसतो. आमच्याकडे हे दोनदा घडलं. दोन्ही वेळा मुलाला कळायच्या आधी मला कळलं, आणि दोन्ही वेळा मी कसाबसा धीर धरला.

कागदाचा पूल

हा भाग सगळीकडे सांगतात म्हणून थोडक्यात. पुस्तकांच्या दोन चळती, मध्ये २० सेंटिमीटर मोकळं, वर ए-फोर आकाराचा एक कागद. डिंक नाही, कात्री नाही. त्यावर स्टीलची छोटी वाटी ठेवून शेंगदाणे टाकत जायचे. सपाट कागद वाटीच्या वजनानंच मान टाकतो. पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच कागद चकित करतो. का, ते समजायला स्टीलची फूटपट्टी पुरते: आडवी धरून वाकवा, मग कडेवर उभी धरून वाकवून बघा. मोठ्या मुलांना सांगता येतं की आडव्या तुळईची उंची दुप्पट केली तर वाकायला तिचा विरोध आठपट होतो.

दोनच नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, घडीची रुंदी तरी किंवा कागदाचा प्रकार तरी. आणि पूल मोडल्याशिवाय उठायचं नाही. कुठे मोडला, मध्ये की टेकूजवळ, ते चित्र काढून लिहायचं.

इथे थोडी जळजळ बाहेर काढते. एका शाळेच्या प्रदर्शनात आमच्यातल्या एका मुलीनं वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा पूल नेला होता. सायकलच्या आऱ्यावर कागद तिरका गुंडाळून सुरळ्या केलेल्या, सांध्यांना सुतळी. दिसायला ओबडधोबड, पण दोन खुर्च्यांमध्ये ठेवून त्यावर वीट पेलायचा. बक्षीस मिळालं शेजारच्या झुलत्या पुलाला, दिवे लावलेल्या. त्यावर काही ठेवायला त्या मुलाच्या बाबांनी मनाई केली होती. परीक्षकांनी वीट बघितलीही नाही. मुलीला काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

आकाशकंदील

आता खरं काम. वर्षभरात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. आपला पारंपरिक, कामट्यांचा, अनेक बाजूंचा आकाशकंदील ही भूमितीतली एक अव्वल दर्जाची आकृती आहे, आणि ती बनवायची रीत त्याहून सुंदर आहे.

कामट्या बुरूड आळीत मिळतात. दसऱ्याच्या आसपासच जा, दिवाळीच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पतंगाचा कागद अप्पा बळवंत चौकात. कामट्यांना पॉलिश पेपर मारणं हे मोठ्यांचं काम. बांबूचं कुसळ बोटात गेलं की त्या दिवसाचा वर्ग संपला.

कामटीचे १७ सेंटिमीटरचे ४८ तुकडे करा. मोडतोड धरून कामटी १० मीटर तरी आणा. प्रत्येक तुकड्यावर दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटरवर खूण. खुणांमधलं अंतर १५. पुन्हा तेच, सेंटर टू सेंटर. खुणेवर खूण ठेवून सुती दोऱ्यानं बांधत चौकटी करा. एकूण १२ चौकटी. प्रत्येकीचे दोन्ही कर्ण २१ सेंटिमीटरच्या जरा वर आणि एकमेकांइतके आले की ती गुण्यात. चौकटी डुलतील. मुलं तक्रार करतील. ‘असू दे’ म्हणा.

आता जोडणी. चार चौकटी घ्या. त्यांच्या वरच्या कोपऱ्याला शेजारणीचा वरचा कोपरा बांधत गोल पूर्ण करा: ४ गाठी. वरच्या कडांचा मिळून एक चौकोन तयार होतो, ते कंदिलाचं तोंड. या चारही चौकटी छत्रीसारख्या बाहेर झुकतात. दुसऱ्या चार चौकटी मधल्या पट्ट्याच्या. यातली प्रत्येक चौकट वरच्या दोन चौकटींच्या फटीखाली उभी करायची. तिचा एक वरचा कोपरा डावीकडच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला, दुसरा उजवीकडचीच्या: ८ गाठी. उरलेल्या चार चौकटी खालून, वरच्यांचं जणू पाण्यातलं प्रतिबिंब: मधल्या पट्ट्याशी ८ गाठी आणि तळाशी आपसांत ४. झाल्या २४ गाठी.

आता कंदील टांगा आणि मुलांना काय दिसतं ते विचारा. आपण त्रिकोण एकही बांधला नव्हता, तरी आठ त्रिकोण आलेत. चौकटी बाराच होत्या, पण चौकोन अठरा दिसतात. सहा फुकटात मिळाले. कुणाच्या लक्षात येतं की प्रत्येक फुकटचा चौकोन नि त्रिकोण शेजारणींच्या कामट्या उसन्या घेऊन झालाय. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मोठी माणसंही क्षणभर गप्प होतात. मी झाले होते.

या आकृतीचं नाव रॉम्बिक्युबॉक्टाहेड्रॉन. हे मुद्दाम सांगायचं, कारण मुलांना जीभ वळवायला आवडतं आणि शाळेत मिरवताही येतं. आर्किमिडीजच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी ही एक. वहीत लिहायला लावा: कोपरे २४, बाजू २६, कडा ४८. कोपरे आणि बाजू मिळवून कडा वजा केल्या की २. मग जुना घन काढा: ८ अधिक ६ वजा १२, पुन्हा २. चतुष्फलक: ४ अधिक ४ वजा ६. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं टिपलेली ही गोष्ट कंदिलाखाली उभं राहून सापडते.

पण टांगलेला सांगाडा अजून लडबडतोय, आणि आता कपाटाचं कोडं सोडवायची वेळ आली. गव्हाच्या पिठाची खळ करा. पतंगाचा कागद प्रत्येक बाजूनं सेंटिमीटरभर मोठा कापून, कामटीवरून आत दुमडून चिकटवा. वरचं तोंड उघडं ठेवा. चिकटवण्याआधी एक चौकट बोटानं ढकलायला सांगा, खळ वाळल्यावर तीच पुन्हा. कागद वाळताना ताणला जातो, आणि फुंकरीनं फाटणारा तो कागद बांबूच्या चौकटीला डुलू देत नाही. चौकट डावीकडे झुकू लागली की कागद एका कर्णावर ताणला जातो, उजवीकडे झुकली की दुसऱ्या. कागद असो की दोरा, त्याला ढकलता येत नाही, ओढता येतं. आणि इथे ओढणंच हवं आहे. एवढं झालं की मुलं आपोआप कपाटाकडे धावतात. पाठीचा प्लायवूड काढला तर कपाटही डुलेल. करून बघायला परवानगी मिळवा, आमच्या घरी मिळाली नाही.

शेवटी चित्र. प्रत्येकानं कंदील समोरून, वरून आणि बाजूनं काढायचा. तिन्हीकडून बाहेरची रेघ अष्टकोनी येते, म्हणून मुलांना आपण फसलो असं वाटतं. मग खोलीतला दिवा घालवून लांबून टॉर्चचा झोत टाका आणि कंदील फिरवत भिंतीवरची सावली बघू द्या. सावली कुठल्या क्षणी अष्टकोनी असते आणि कधी नसते, ते काढायला लावा. ड्रॉइंग ऑफिसात पहिलं वर्ष मी हेच शिकले होते, फक्त कंदिलाऐवजी पंपाच्या आवरणावर.

किल्ला

कंदील वर गेला की मुलं खाली मातीत उतरतात. किल्ल्याबद्दल पुण्यातल्या मुलांना शिकवायचं नसतं, विटा, पोती आणि लाल माती त्यांना ठाऊक असते. आपण फक्त तीन गोष्टी मध्ये सरकवायच्या.

पहिली, पाया. दोरीवर १२ सारखे भाग पाडून गाठी मारा, टोकं जोडा, आणि ३, ४ नि ५ भागांच्या बाजू होतील अशी तीन मुलांनी ताणून धरा. ३ आणि ४ च्या मधला कोपरा काटकोन. गवंडी आजही घराची आखणी करताना हे ३-४-५ वापरतो. आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला अशाच दोऱ्या आहेत. शुल्ब म्हणजेच दोरी.

दुसरी, उतार. कोरडी माती वरून ओतली की ढिगाचा उतार एका कोनाला येऊन थांबतो, त्याहून ताठ होतच नाही. दोन पट्ट्या आणि एक टिचबटण यांची कैची लावून तो कोन उचला, कोनमापकावर वाचा. कोरड्या वाळूचा साधारण ३० ते ३५ अंश येतो. थोडं पाणी मारलं की ताठ कडा उभा राहतो, जास्त मारलं की बुरूज सगळा वाहून जातो. किती पाणी ते मुलांना आपल्याहून चांगलं कळतं.

तिसरी, प्रमाण. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. मीटरला मिलिमीटर धरलं तर समुद्रसपाटीपासूनचा किल्ला १.३ मीटरचा होईल. मग वर उभा केलेला ८ सेंटिमीटरचा मातीचा मावळा प्रत्यक्षात किती उंच? ८० मीटर. हे गणित केल्यावर दोन पोरांनी मावळ्यांऐवजी मोहरीचे दाणे उभे करायचा प्रस्ताव आणला, आणि बाकीच्यांनी तो एकमतानं फेटाळला. महाराज मोहरीएवढे दाखवायचे म्हणजे काय!

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडा. माती कुंड्यांत, विटा जिन्याखाली. कंदील मात्र कोरडा करून माळ्यावर टाका. पुढच्या वर्षी कागद फक्त नवा लागतो, गाठी बहुतेक टिकलेल्या असतात. सुटलेल्या गाठी बांधायला लहान मुलांना बसवा, गेल्या वर्षीची मोठी मुलं त्यांना शिकवतील.